एकाच खुंटीवर सगळा भार

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आता जळगाव-धुळ्यात शोधून सापडायची नाही. उत्पन्नाचा दाखला असो, रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचं असो की मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज असो. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता हे वाक्य टाकतो आणि आपण पिशवी उचलून परत फिरतो. शहरातल्या बाईची एक फेरी वाया जाते. पण साक्री, शिरपूर, चोपड्याकडच्या खेड्यातून येणारीचं काय? एसटीत अर्ध्या तिकिटाची सवलत असली तरी त्या दिवसाची मजुरी जाते ती जातेच. तीन फेऱ्या म्हणजे तीन दिवसांची मजुरी!

बचत गटाच्या कामामुळे माझं या दोन्ही जिल्ह्यांत जाणं-येणं असतं. अशाच एका बैठकीत कापूस वेचणीला जाणाऱ्या एका मावशींनी मला सरळ विचारलं, "ताई, हाऊ सर्व्हर कोठे ऱ्हास? रोज त्याले काय व्हस?" सगळ्या खळखळून हसल्या. पण मैत्रिणींनो, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्याच्यामुळे आपली मजुरी बुडते, तो आहे तरी कोण, हे बाईला कळायला नको का?

मी पडले कला शाखेची. पण माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, शिकली आपल्या जळगावातच. दिवाळीला आली तेव्हा फराळाचं ताट पुढे ठेवलं आणि तिला धरून बसवलं. तिचं कामच नेमकं यातलं निघालं. जुन्या, अवाढव्य प्रोग्रामचे लहान लहान भाग करायचे आणि ते नव्या पद्धतीने चालवायचे.

ती म्हणाली, "मावशी, सर्व्हर म्हणजे चोवीस तास चालू ठेवलेला मोठा कॉम्प्युटर. त्याच्यावर ऑफिसचा प्रोग्राम चालतो. पूर्वी हे प्रोग्राम एकसंध बांधायचे. नोंदणी, फी भरणं, कागद तपासणं, मेसेज पाठवणं, दाखला छापणं, सगळं एकात एक गुंतलेलं. त्याला मोनोलिथ म्हणतात."

मोनोलिथ म्हणजे अखंड दगड. मला लगेच वेरूळचं कैलास लेणं आठवलं. एकाच दगडातून कोरलेलं, डोळ्यांचं पारणं फिटावं असं. पण त्यातला एक खांब काढून दुसरा बसवा म्हटलं तर जमेल का? या प्रोग्रामचंही तेच. फी भरायच्या भागात बिघाड झाला तरी दाखला छापणंही बंद पडू शकतं. लहानशी दुरुस्ती करायची तरी सगळाच प्रोग्राम थांबवायची वेळ येते.

मग नवी पद्धत कोणती? ती मला आपल्या लग्नाच्या पंगतीवरून समजली. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, सगळं एकाच आचाऱ्याच्या हाती असेल आणि त्यालाच ताप आला, तर अख्खी पंगत उपाशी. पण वरणाची चूल वेगळी, भाजीची वेगळी, बट्टीची माणसं वेगळी असतील तर? बट्टी कमी पडली तर तिच्यापुरतीच आणखी एक चूल पेटवायची. भाजी करपली तर वरण-बट्टी तरी पानात पडते. प्रोग्रामच्या अशा वेगवेगळ्या चुलींना 'मायक्रोसर्व्हिसेस' म्हणतात.

आणि कंटेनर? तो तर आपण पाहिलेला आहे! २०२१ च्या जून महिन्यात आपल्या रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली. अशी परदेशी जाणारी केळी गार कंटेनरमधून जातात. एकदा पेटी बंद झाली की ट्रक बदलो, जहाज बदलो, आतल्या मालाला कुणी हात लावत नाही. माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन वाहतूकदाराने १९५६ मध्ये ५८ पेट्या जहाजावर चढवून या पद्धतीला सुरुवात केली. त्याआधी एकेक पोतं हमालांनी चढवायचं, उतरवायचं.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हीच कल्पना उचलली. प्रोग्रामचा एक लहान भाग आणि त्याला लागणारं सगळं सामानसुमान एका पेटीत भरायचं. मग ती पेटी पुण्यातल्या कॉम्प्युटरवर ठेवा नाहीतर सिंगापूरच्या, सारखीच चालते. २०१३ मध्ये 'डॉकर' आलं आणि ही पद्धत सगळीकडे पसरली. पुढच्याच वर्षी गुगलने 'कुबरनेटिस' आणलं. हा ग्रीक शब्द, अर्थ नावेचं सुकाणू धरणारा. शेकडो पेट्यांवर त्याची नजर असते. एखादी बंद पडली की तो दुसरी सुरू करतो, गर्दी वाढली की पेट्या वाढवतो, ओसरली की कमी करतो.

कामाची अशी विभागणी आपण कोरोनात अनुभवली आहे. 'कोविन' आठवतंय ना? त्यात नागरिकांची नोंदणी, लस देणाऱ्यांचं काम, लसीच्या साठ्याचा हिशेब, प्रमाणपत्र असे भाग वेगवेगळे ठेवले होते. २८ एप्रिल २०२१ ला दुपारी चार वाजता १८ ते ४४ वयाच्या लोकांची नोंदणी उघडली आणि देश अक्षरशः तुटून पडला. सुरुवातीला कोविन अडखळलं, ओटीपी उशिरा आले. पण काही वेळाने ते सावरलं आणि त्या एका दिवसात सव्वा कोटीहून जास्त नावनोंदण्या झाल्या. प्रमाणपत्र तर पुढे डिजिलॉकरवर मिळालं, व्हॉट्सअ‍ॅपवरही मिळालं. घराला दारं अनेक असली की एका दाराशी चेंगराचेंगरी होत नाही, ती अशी!

जुन्या प्रोग्रामवरून नव्या पद्धतीवर जाणं मात्र सोपं नाही. २००८ मध्ये नेटफ्लिक्स कंपनीचा मुख्य डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तेव्हा त्यांनी सगळं बदलायचं ठरवलं. ते काम पुरं व्हायला २०१६ चा जानेवारी उजाडला! आपल्या रेल्वेचंही पाहा. भुसावळ जंक्शनच्या कुशीत राहणाऱ्या आपल्याला दिवाळीचं तिकीट म्हणजे काय ते सांगायला नको. २०२५ मध्ये संसदेत सांगितलं गेलं, की आरक्षणाची तेव्हाची यंत्रणा २०१० सालची असून मिनिटाला सुमारे २५ हजार तिकिटं देते, आणि ती बदलून मिनिटाला १ लाखाहून जास्त तिकिटं देणारी यंत्रणा उभारली जात आहे. पण गाड्या तर रोज धावतातच. म्हणजे चालत्या घरातच भिंती पाडून पुन्हा बांधायच्या.

भाचीने एक बजावलंही. "मावशी, चुली वाढल्या की निरोप पोचवणारी माणसंही लागतात. लहान कामाला हा पसारा परवडत नाही. आणि नऊ चुली धडधडत असल्या तरी मिठाची बरणी एकाच ठिकाणी कुलपात असेल, तर सगळं अडतंच."

हे मिठाच्या बरणीचं मला फार लागलं. कारण आपल्या घरातली बरणी कुठली, ते मला माहीत आहे. ती म्हणजे मोबाइल! सासू, सून, दोन मुलं, सगळ्यांच्या आधारला, बँकेला, गॅसला एकच नंबर, तोही घरधन्याचा. तो सुरतेला कामावर आणि ओटीपी त्याच्या खिशात. सरकारने उद्या कितीही उत्तम यंत्रणा बांधली तरी या बाईचं काम अडणारच. एखादीचा नवरा वारला आणि त्याचा नंबर बंद झाला, की तिचं सगळं एकदमच बंद! हा आपला घरगुती मोनोलिथच नाही का?

तेव्हा बायांनो, दोन गोष्टी करा. पहिली, स्वतःचा नंबर घ्या आणि आपल्या आधारला, आपल्या बँक खात्याला जोडा. आधारचा मोबाइल नंबर बदलायला कागदपत्रं लागत नाहीत. आधार केंद्रावर हे काम होतं, पोस्टाच्या बँकेनेही २०२१ मध्ये पोस्टमनमार्फत ही सोय सुरू केली आहे. साधा बटणांचा फोन असला तरी ओटीपी येतो.

दुसरी, अर्ज दिला की पोच मागा. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कायद्यात अधिसूचित केलेल्या सेवांना मुदत ठरलेली आहे आणि मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं. सर्व्हर ही काही दैवाची करणी नाही, माणसांनी बांधलेली आणि माणसांना सुधारता येणारी गोष्ट आहे. मग शेवटच्या तारखेला तो बंद पडला तर मुदत वाढवून मागणं हा आपला हट्ट नव्हे, तो हक्क आहे.

आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करण्याआधी प्रत्येकीच्या आधारला कुणाचा नंबर आहे, ते आम्ही वहीत लिहून काढणार आहोत. तुमच्या गटातही लिहून बघा.