वीट न येणारी गाणी

गोडाधोडाचाही वीट येतो. सलग चार दिवस पानात श्रीखंड पडले, तर पाचव्या दिवशी हात आपोआप वरणभाताकडे वळतो. गाण्यांचेही बहुधा असेच होते. एखादे नवे गाणे महिनाभर रिक्षात, लग्नमंडपात, शेजारच्या घरात अखंड कानांवर पडते आणि पुढे ते लागताच आपण आवाज कमी करतो. काही गाणी मात्र या नियमाला अपवाद ठरतात. शेकडो वेळा ऐकूनही त्यांचे पहिले सूर उमटताच हातातले काम क्षणभर थांबते.

पॉप संगीताच्या बाबतीत याचे अधिक नवल वाटते. ‘पॉप’ हा ‘पॉप्युलर’, म्हणजे लोकप्रिय, या शब्दाचाच संक्षेप. दर आठवड्याला खपाच्या याद्या लागाव्यात, नवे गाणे वर चढावे आणि जुने खाली घसरावे, अशा बाजारात हे संगीत वाढले. चिरंतनाचा दावा त्याने कधी केला नाही. तरीही त्यातील काही तीन मिनिटांची गाणी तीन पिढ्यांना पुरून उरली आहेत.

‘बीटल्स’चे ‘यस्टर्डे’ हे त्याचे ठळक उदाहरण. या गाण्याची चाल पॉल मॅकार्टनी यांना झोपेत सुचली. जागे होताच त्यांनी ती पियानोवर वाजवून पाहिली. परंतु इतकी सहज चाल आपलीच असेल, यावर त्यांचा विश्वास बसेना. ही चाल कोणाची आहे, असे ते कित्येक आठवडे परिचितांना विचारत राहिले. योग्य शब्द सापडेपर्यंत न्याहारीतल्या एका पदार्थाचे नाव घालून ती गुणगुणली जात असे. जून 1965 मध्ये लंडनमध्ये तिचे ध्वनिमुद्रण झाले. एक आवाज, एक गिटार आणि दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो अशी चार तंतुवाद्ये, एवढाच सारा संभार. चमूतील इतर तिघांचा या ध्वनिमुद्रणात सहभागही नाही. गाणे जेमतेम दोन मिनिटांचे आहे.

या साधेपणात एक सूक्ष्म खुबी दडलेली आहे. पाश्चात्त्य पॉप गाण्यात कडव्याचा चरण सहसा आठ आवर्तनांचा असतो. येथे तो सातव्यातच पुरा होतो. ऐकणाऱ्याला हे मोजता येत नाही, पण जाणवते. गाणे ऐकताना कान पुढचा सूर मनोमन गृहीत धरत असतो. तो अपेक्षेप्रमाणे आला की समाधान मिळते, किंचित निराळा आला की नवल वाटते. सारेच अपेक्षित असलेले गाणे लवकर विटते. सारेच अनपेक्षित असलेले गाणे मनात घर करत नाही. टिकणाऱ्या गाण्यात या दोहोंचे प्रमाण नेमके साधलेले असते. म्हणूनच ते गुणगुणायला सोपे असते. तसे दुसरे रचणे मात्र अवघड.

आपल्याकडे 1980 साली ‘कुर्बानी’ चित्रपटातील ‘आप जैसा कोई’ या गाण्याने अशीच जादू केली. संगीतकार बिड्डू मूळचे बेंगळुरूचे आणि लंडनमध्ये स्थायिक झालेले. गायिका नाझिया हसन तेव्हा पंधरा वर्षांच्या आसपास होती. पार्श्वगायनाची रुळलेली सफाई तिच्या गळ्यात नव्हती. होता तो कोवळा, किंचित अनुनासिक, शेजारच्या मुलीचा वाटावा असा आवाज. हे गाणे आपणही म्हणू शकू, असे ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटले. त्या गाण्यासाठी तिला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 1981 मध्ये ‘डिस्को दीवाने’ आले आणि भारतात चित्रपटाबाहेरच्या पॉप गीतांची वाट रुंद झाली. त्याच वाटेवर पुढे अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ आणि लकी अलीचे ‘ओ सनम’ आले. नाझियाचे 2000 साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी निधन झाले. तिची गाणी मात्र नव्या चित्रपटांत पुन्हा पुन्हा वापरली गेली.

हा सारा स्मरणरंजनाचा खेळ आहे, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी पुढील आयुष्यात अधिक ठळकपणे उरतात, असे मानसशास्त्र सांगते. त्या वयातली गाणी पहिली नोकरी, पहिली मैत्री, वसतिगृहातल्या रात्री यांना चिकटून बसतात. परंतु केवळ स्मरणरंजन हेच कारण असते, तर 1965 चे गाणे आजच्या अठरा वर्षांच्या मुलीने गिटारवर का वाजवावे? गाण्याची घडण त्याला पिढ्या ओलांडून नेते. ऐकणाऱ्याचे वय त्याला खोल रुजवते.

ही मुळे किती खोल जातात, हे अमेरिकन गायक टोनी बेनेट यांच्या अखेरच्या वर्षांत जगाने पाहिले. ‘आय लेफ्ट माय हार्ट इन सॅन फ्रान्सिस्को’ हे 1962 मधील गाणे त्यांची ओळख बनले होते. 2016 साली त्यांना अल्झायमर हा विस्मृतीचा आजार असल्याचे निदान झाले. ऑगस्ट 2021 मध्ये, पंचाण्णवाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, ते न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या रंगमंचावर लेडी गागा यांच्यासह उभे राहिले. रोजच्या व्यवहारातले कितीतरी तपशील निसटून गेले होते. पण वाद्यवृंद सुरू होताच ते जुनी गाणी शब्दांसह गाऊ लागले. संगीत हे या आजारावरचे औषध नव्हे. तरीही परिचित गाण्यांची स्मृती अनेक रुग्णांत इतर आठवणींपेक्षा उशिरापर्यंत तग धरते, आणि त्यांच्या शुश्रूषेत त्या गाण्यांचा उपयोगही केला जातो.

म्हणून आवडत्या गाण्यांकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे पुरेसे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधे आपण लिहून ठेवतो, त्यांचा रक्तगट आपल्याला पाठ असतो. पण त्यांच्या विशीतली गाणी कोणती, हे किती घरांत ठाऊक असते? आजोबांची कदाचित अरुण दाते यांनी गायिलेली भावगीते असतील, काकूंची नाझियाची, धाकट्या मामांची लकी अलीची. त्यांच्या कॅसेट माळ्यावर पडून आहेत आणि त्या वाजवण्याचे यंत्र घरात उरलेले नाही. एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून दहा-पंधरा गाण्यांची यादी करावी. गायकाचे नाव लिहून घ्यावे आणि पुढे ऐकवताना शक्यतो मूळ ध्वनिमुद्रणच शोधावे. मनात रुजलेला असतो तो तोच आवाज, तेच वाद्य.

आणि यादी पुरी झाली की त्याच कागदावर खाली स्वतःचीही चार गाणी लिहावीत. पुढे कधीतरी ती आपल्यासाठी कोणाला तरी लावायची असतील.