एकाच रिमोटवर सगळी साउंड सिस्टीम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

टीव्ही, एव्ही रिसीव्हर, पॉवर ॲम्प्लिफायर आणि सबवूफर एकाच रिमोटने चालू-बंद करण्याचे मुख्य मार्ग चार: इन्फ्रारेड संकेत, एचडीएमआयमधील सीईसी, 12 व्होल्टचा ट्रिगर आणि स्मार्ट प्लग. प्रत्येकाची मर्यादा वेगळी असल्याने बरेच गैरसमज रूढ झाले आहेत.

गैरसमज: युनिव्हर्सल रिमोटने कोणतेही उपकरण चालू होते.
वस्तुस्थिती: रिमोट न दिसणाऱ्या प्रकाशाचे स्पंद सोडतो; बहुतेकांची वाहक वारंवारता 38 किलोहर्ट्झच्या आसपास असते. ते टिपणारा भाग उपकरणात असावा लागतो आणि स्टँडबायमध्येही त्याला वीज मिळावी लागते. नुसता खटका असलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरपुढे असा रिमोट निरुपयोगी ठरतो.

गैरसमज: एक बटण दाबले की सगळे एकदम बंद होते.
वस्तुस्थिती: अनेक उपकरणांत चालू आणि बंद या दोन्हींसाठी एकच संकेत असतो. कोणी मध्ये उभे राहिल्याने टीव्ही बंद झाला पण ॲम्प्लिफायर चालूच राहिला, तर पुन्हा बटण दाबल्यावर ॲम्प्लिफायर बंद होतो आणि टीव्ही सुरू. साधा इन्फ्रारेड रिमोट संकेत फक्त पाठवतो, त्याला उलट उत्तर मिळत नाही. ‘चालू’ आणि ‘बंद’ यांचे स्वतंत्र संकेत असलेल्या उपकरणांत हा घोळ होत नाही.

गैरसमज: एचडीएमआय केबल जोडली की काम झाले.
वस्तुस्थिती: केबलवरून एका उपकरणाने दुसऱ्याला चालू-बंद करण्याची सीईसी ही सोय दोन्ही उपकरणांत असावी लागते आणि बहुधा सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी लागते. तिथे ती वेगळ्याच नावाने सापडते: सॅमसंगमध्ये ‘ॲनीनेट प्लस’, एलजीमध्ये ‘सिम्पलिंक’, सोनीमध्ये ‘ब्राव्हिया सिंक’. सीईसीचे संकेत एचडीएमआय केबलच्या 13 क्रमांकाच्या पिनवरून जातात. त्यामुळे साध्या आरसीए केबलने जोडलेल्या पॉवर ॲम्प्लिफायरपर्यंत ते पोहोचत नाहीत. तिथे ट्रिगर कामी येतो: रिसीव्हर चालू होताच 3.5 मिलिमीटरच्या जॅकमधून 12 व्होल्ट मिळतात आणि ॲम्प्लिफायर जागा होतो. अर्थात, ट्रिगरचा जॅक दोन्हीकडे हवा.

गैरसमज: स्मार्ट प्लग लावला की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती: खटक्याच्या ॲम्प्लिफायरला तो उपयोगी पडतो. इलेक्ट्रॉनिक पॉवर बटण असलेली अनेक उपकरणे मात्र वीज परत आली तरी स्टँडबायमध्येच राहतात. शिवाय मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला ॲम्प्लिफायर सुरू होताना क्षणभर बराच जास्त प्रवाह ओढतो; प्लग निवडताना तेवढी क्षमता पाहावी लागते.

गैरसमज: कोणते उपकरण आधी चालू केले, याने फरक पडत नाही.
वस्तुस्थिती: ॲम्प्लिफायरच्या आधी जोडलेली उपकरणे चालू-बंद होताना निघणारा विजेचा झटका चालू ॲम्प्लिफायरमधून स्पीकरवर जातो आणि ‘धप्प’ असा आवाज येतो. म्हणून पॉवर ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी चालू आणि सर्वांत आधी बंद करतात. अनेक बटणांचे काम एका दाबात करणाऱ्या रिमोटमध्ये हा क्रम आणि मधली काही सेकंदे ठरवून देता येतात.

गैरसमज: रिमोटने बंद केले की वीज खर्च होत नाही.
वस्तुस्थिती: संकेताची वाट पाहायलाही वीज लागते. युरोपीय संघाने 2013 पासून साध्या स्टँडबायसाठी 0.5 वॅटची मर्यादा घातली. वर्षभर अखंड अर्धा वॅट म्हणजे सुमारे 4.4 युनिट. वाय-फायवर जागे राहणाऱ्या उपकरणांचा खर्च याहून जास्त असू शकतो. भिंतीवरचे बटण बंद केल्यास तोही वाचतो, पण मग रिमोट चालत नाही.