टाकीची दुरुस्ती आणि हक्काची गळती

मुंबईत मलबार हिलवर ब्रिटिशांच्या काळातला जलाशय आहे. तो पाडून नवा बांधण्याचा घाट महापालिकेने घातला होता. ३८९ झाडांवर गदा येणार म्हणून २०२३ साली तिथले रहिवासी उठले. लगेच तज्ज्ञांची समिती बसली, आयआयटी रुरकीचा अहवाल आला आणि २०२४ मध्ये पुनर्बांधणी सोडून दुरुस्तीचा मार्ग धरला गेला. झाडे वाचली, जनतेचा पैसा वाचला. चांगलेच झाले.

पण याच शहरात झोपडीतल्या माणसाला साध्या नळासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायालयाने बजावले की, घर अनधिकृत असले तरी पाणी नाकारता येणार नाही. घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कातच पाणी येते.

महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तो कागदावरच राहिला, म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले.

तेव्हा बांधवांनो, नुसत्या निकालावर विसंबू नका. त्याची प्रत जोडून वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. टाकीची गळती अभियंते थांबवतील. हक्काची गळती आपल्यालाच थांबवावी लागेल.