स्ट्रॉबेरीचा ताजा सॉस

माघ-फाल्गुनाच्या सुमारास महाबळेश्वराहून परतणाऱ्या कुटुंबाच्या सामानांत स्ट्रॉबेरीची एखादी पेटी ठरलेलीच असते. घाट उतरून आणि पुण्यामुंबईचा रस्ता कापून ती घरीं येते. वरच्या थरांतील टपोरीं, तांबडीं फळें मुलांच्या हातीं जातात, दोनचार शेजारीं पोंचतात. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणी तळाशीं हात घातला कीं तेथें दबलेलीं, रस सुटलेलीं, कडेनें मऊ पडलेलीं फळें आढळतात. तीं खावयास कोणी तयार नसतें आणि टाकावयास गृहिणीचें मन धजत नाहीं. संध्याकाळीं पाहूं, म्हणून पेटी तशीच राहते आणि संध्याकाळीं फळांवर पांढरी बुरशी दिसूं लागते. मग नाइलाजानें सारीच पेटी केराच्या टोपलींत जाते.

अशा फळांचा उत्तम उपयोग म्हणजे त्यांचा ताजा सॉस. सारें साहित्य घरांतच असतें आणि अर्ध्या तासांत काम उरकतें. परंतु तो करतांना पुष्कळदां एक चूक होते. मोरंबा, साखरांबा, गुळांबा यांची संवय झालेला हात सॉसलाही त्याच वळणावर नेतो. साखर भरपूर पडते, पाक दाट होईपर्यंत पातेलें आंचेवर राहतें, आणि शेवटीं हातीं येतो तो विटकरी रंगाचा, चिकट आणि ज्यांत साखरेवांचून दुसरी चवच नाहीं असा गोळा. मोरंबा हा वर्षभर टिकविण्यासाठीं असतो. सॉस हा चारसहा दिवसांत संपविण्यासाठीं असतो. हा एक भेद ध्यानांत ठेवला म्हणजे साखर किती, आंच किती आणि वेळ किती, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें आपोआप मिळतात.

प्रथम हें फळ इतकें नाजूक कां, तें पाहिलें पाहिजे. आजची थोरली स्ट्रॉबेरी ही दोन अमेरिकन जातींचा संकर होय. १७१४ सालीं फ्रेझिए नांवाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्यानें चिली देशांतून मोठ्या फळाचीं रोपें फ्रान्सला नेलीं. उत्तर अमेरिकेंतून आलेली लहान फळाची एक जात तेथें पूर्वींपासूनच होती. युरोपांतील बागांतून या दोहोंचा संयोग झाला आणि त्यांतून नवें फळ निपजलें; तें संकरज आहे, हें दुशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें १७६६ सालीं सांगितलें. शास्त्रदृष्ट्या पाहिलें तर आपल्या दृष्टीस पडणारा लाल गर हें खरें फळच नव्हे. तो फुलाचा फुगलेला बैठकीचा भाग आहे, आणि त्यावर टोंचल्यासारखे दिसणारे जे दाणे, तींच खरीं फळें. त्यामुळें आंब्याला किंवा संत्र्याला जशी राखणदार साल असते, तशी या गराला नाहीं. त्यांत शेंकडा नव्वद भाग पाणी. जरा दाब पडला कीं गर फुटतो, रस बाहेर येतो आणि बुरशीला आयतें घर मिळतें.

महाबळेश्वर-पांचगणीच्या पठारावर हें फळ इंग्रजी अमदानींत आलें. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांची उंची, तांबडी माती आणि हिंवाळ्यांतील थंड रात्री त्याला मानवल्या. पावसाळा सरतां सरतां रोपें लावावयाचीं आणि मार्गशीर्षाच्या सुमारापासून चैत्रापर्यंत फळें तोडावयाचीं, असा येथील क्रम आहे. देशांतील स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा या एका टापूंतून येतो, आणि २०१० सालीं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीची भौगोलिक उपदर्शन म्हणून नोंदही झाली आहे. खरेदी करतांना एक गोष्ट विसरूं नये. आंबा अढींत घालून पिकवितां येतो, स्ट्रॉबेरी येत नाहीं. तोडतांना तिच्यांत जेवढी गोडी असेल तेवढीच. देठाशीं पांढरी राहिलेली फळें घरीं ठेवून लाल दिसूं लागलीं, तरी तीं गोड होत नाहींत.

सॉससाठीं फळें निवडतांना मऊ आणि सडकें यांतील भेद कसोशीनें पाळावा. दबलेलें, रस सुटलेलें फळ चालतें, किंबहुना तें लवकर शिजतें. परंतु ज्यावर बुरशीचा लवमात्र ठिपका आहे, तें फळ सबंध टाकून द्यावें. तेवढा भाग कापून उरलेला वापरण्याचा मोह धरूं नये, कारण मऊ गरांत बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. फळें धुवावयाचीं तीं देठासकट. देठ आधीं काढल्यास त्या खळग्यांतून पाणी आंत शिरतें आणि चव पांचट होते.

निवडलेलीं व देठ काढलेलीं फळें अर्धा किलो असतील तर साखर ८० ते १०० ग्रॅम, एका मध्यम लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ एवढें साहित्य पुरतें. फळांपैकीं दोनतृतीयांश बारीक चिरावीं, उरलेल्यांचे मोठे तुकडे करून बाजूस ठेवावे. बारीक फोडींवर साखर भुरभुरून पंधरा मिनिटें झांकून ठेवावी. साखर फळांतील पाणी ओढून घेते आणि फोडी स्वतःच्याच रसांत पोहूं लागतात. म्हणून या सॉसला वरून पाण्याचा थेंबही घालावा लागत नाहीं. जें पाणी घालावें, तें पुढें आटवावें लागतें. आणि आटविण्यांतच सुवास उडून जातो.

भांडें पसरट असावें. उभट पातेल्यांत वाफ कोंडते व वेळ वाढतो. पसरट भांड्यांत ती झटकन निघून जाते. भांडें कशाचें असावें, यालाही महत्त्व आहे. फळ आंबट असल्यामुळें तें बिनकल्हईच्या पितळेंत कळकतें, आणि लोखंडी कढईंत अथवा ॲल्युमिनियमच्या पातेल्यांत त्याचा रंग व चव बिघडते. स्टेनलेस स्टीलचें किंवा मुलामा दिलेलें भांडें सर्वांत निर्धोक.

साखरेंत मुरलेल्या फोडी मध्यम आंचेवर ठेवाव्या. उकळी फुटल्यावर पांचसहा मिनिटें ढवळीत राहावें, वर येणारा फेस काढून टाकावा आणि पळीच्या पाठीनें फोडी थोड्या ठेंचाव्या. नंतर बाजूस ठेवलेले मोठे तुकडे घालून दोन मिनिटांत भांडें खालीं उतरवावें. लिंबाचा रस व मीठ त्यानंतर घालावें. या वेळीं सॉस पातळ दिसतो, आणि चूक होते ती नेमकी येथेंच. पातळ आहे म्हणून पुन्हा आंचेवर ठेवण्याचें कारण नाहीं. थंड झाल्यावर तो आपोआप दाटतो. खात्री हवी असल्यास थंड बशींत एक चमचा सॉस टाकून बशी कलती करावी. तो पाण्यासारखा न धांवतां हळूहळू उतरला, म्हणजे पुरे.

हा सॉस जेलीसारखा घट्ट होत नाहीं, यांतही नवल नाहीं. फळांचा रस गोठविणारें द्रव्य म्हणजे पेक्टिन. तें पेरूंत विपुल असतें, स्ट्रॉबेरींत थोडें. शिवाय तें गोठण्यास भरपूर साखर आणि पुरेसा आंबटपणा लागतो. आइस्क्रीमवर ओतण्यासाठीं सॉस थोडा दाट हवाच असेल, तर एक लहान चमचा मक्याचें पीठ दोन चमचे थंड पाण्यांत कालवून उकळत्या सॉसमध्यें घालावें आणि मिनिटभर शिजवावें. तेवढ्यासाठीं तो अर्धा तास आटवूं नये. स्ट्रॉबेरीचा लाल रंग ज्या द्रव्यामुळें येतो तें अँथोसायनिन दीर्घकाल उष्णता लागल्यास फिकें पडतें. लिंबाच्या रसानें त्याची लाली खुलते. ताज्या फळांतील क जीवनसत्त्वही आंचेवर जितका वेळ जावा तितकें घटतें. म्हणजे रंग, सुवास आणि पोषण या तिन्ही दृष्टींनीं शिजविण्याचा वेळ थोडाच असलेला बरा.

मात्र या थोड्या साखरेची किंमत टिकाऊपणांत मोजावी लागते. जॅममध्यें साखर व इतर विरघळलेलीं द्रव्यें मिळून शेंकडा ६५ च्या घरांत असतात. इतक्या साखरेपुढें बुरशीला व जंतूंना वाढण्यास पाणीच उरत नाहीं. वरील सॉसमध्यें हें प्रमाण शेंकडा २५ च्या आसपासच राहतें. म्हणून तो मोरंब्याच्या बरणीसारखा फडताळांत ठेवतां येत नाहीं. कांचेची बाटली उकळत्या पाण्यांतून काढून कोरडी करावी, निवलेला सॉस तींत भरून शीतकपाटांत ठेवावा, दर वेळीं कोरडा चमचा वापरावा आणि आठवड्याच्या आंत तो संपवावा. अधिक दिवस ठेवावयाचा झाल्यास लहान लहान डब्यांतून गोठवावा. दोनतीन महिने तो चांगला राहतो. आंबूस वास किंवा बुडबुडे दिसले तर चव पाहण्याच्याही भरीस न पडतां फेंकून द्यावा.

सकाळच्या न्याहारीस भाजलेल्या पावावर, गरम घावनावर किंवा ओटच्या लापशीवर हा सॉस शोभतो. घट्ट दह्यावर अथवा नुकत्याच बांधलेल्या चक्क्यावर दोन चमचे घातले, तर वेगळ्या पक्वान्नाची गरज भासत नाहीं. कस्टर्डवर घालावयाचा असल्यास सॉस व कस्टर्ड दोन्ही थंड असावीं. गरम दुधांत हा आंबट रस पडला कीं दूध फाटतें, आणि पाहुण्यांच्या देखत फजिती होते.

एकदां रीत हातीं बसली म्हणजे ती स्ट्रॉबेरीपुरती राहत नाहीं. त्याच डोंगरावर मिळणारी तुती गोडीला अधिक व आंबटपणाला कमी. तिच्यासाठीं साखर थोडी कमी घेऊन लिंबू वाढवावें आणि देठ कात्रीनें कापावे. वैशाखांत सह्याद्रीच्या उतारावरचीं करवंदें येतात, त्यांची प्रकृति याच्या उलट. तीं चांगलीच आंबट, त्यांना चीक असतो आणि पेक्टिनही भरपूर. तीं थोड्या पाण्यांत मऊ शिजवून चाळणीवर गाळावीं, म्हणजे बिया निघून जातात. गराच्या निम्मी साखर घालून दोन उकळ्या दिल्या कीं सॉस तयार. तो निवल्यावर फारच घट्ट झाला, तर चमचाभर गरम पाण्यानें सैल करावा. फळ बदललें कीं साखर आणि आंबट यांचें माप बदलतें. आंच थोडी आणि वेळ थोडा, हा नियम तसाच राहतो.

कष्टानें पिकविलेलें आणि घाट उतरून घरीं आणलेलें फळ एका रात्रींत वायां जावें, ही गोष्ट कोणत्याही संसारी माणसास रुचणारी नाहीं. तें वांचविण्यास मोठ्या पाककौशल्याची गरज नाहीं. पेटी घरीं आली त्याच संध्याकाळीं तळचा थर वर काढावा, मऊ फळें वेगळीं करावीं आणि स्वयंपाक उरकतां उरकतां तीं शेजारच्या शेगडीवर चढवावीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलें पावाला लावावयास कांहीं मागूं लागलीं, तर बाटली तयार असते.