बाळू पालवणकर : एका पगारी खेळाडूचे चरित्र

नारायण पेठेतील केसरीवाड्यावरून जाताना लोकमान्यांचे स्मरण ज्यास होत नाही असा पुणेकर विरळाच. परंतु ज्या क्रिकेटपटूची टिळकांनी जाहीर सभेत प्रशंसा केली, त्याचे नाव आपल्या घरातील किती मुलांस ठाऊक असेल?

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाडास झाला. वडील फौजेत होते. पुण्यात पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडणे, रूळ फिरवणे आणि सभासदांस चेंडू टाकणे यांबद्दल बाळूंस दरमहा ३ रुपये मिळत. १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात ते ४ रुपयांवर गेले. त्याच साली अमेरिकेत हेफेलफिंगर नामक फुटबॉलपटूस एका सामन्यासाठी ५०० डॉलर मिळाले. पैसे घेऊन खेळणारा तेथील तो पहिला मानला जातो. आमच्या बाळूंस मात्र फलंदाजीचा सराव कोणी देईना. ग्रेग हा नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीवर सराव करी. बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देई, असे सांगतात.

पुढे पुण्याच्या हिंदू खेळाडूंनी युरोपियनांस आव्हान देण्याचे योजिले, तेव्हा बाळूंस घ्यावे की नाही यावर वाद माजला, कारण जात चांभार. अखेर घेतले, जिंकावयाचे होते ना! मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू निःशंक झेलीत, आणि तो चेंडू तर कातड्याचा. परंतु चहाची वेळ झाली की बाळूंस मंडपाबाहेर मातीच्या बोळक्यात चहा मिळे. जेवणास पान निराळे, जागा निराळी. एकत्र खेळता तर एकत्र खाण्यापिण्यास हरकत कोणती, असे न्यायमूर्ती रानड्यांनी या मंडळींस सुनावले. आम्हांस वाटते, त्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रात शोधणारांनी आधी त्या चेंडूचा विचार करावयास हवा होता.

मुंबईस गेल्यावर बाळूंची कीर्ती वाढली. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघाने २३ पैकी अवघे ६ सामने जिंकले. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. बंधू शिवराम हेही संघात होते.

एवढे असून हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंकडे यावे असे निवड करणारांस वाटले नाही. १९२० साली त्यांस संघातूनच वगळले, कर्णधारपदासाठी धाकटे बंधू विठ्ठल यांचाही विचार झाला नाही, आणि विठ्ठल व शिवराम यांनी निषेधार्थ खेळण्याचे नाकारले. विठ्ठल यांस तो मान १९२३ साली मिळाला. बाळू तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते.