मुंगसाचे भाऊबंद

दिवाळी सरली की उंब्रजच्या शिवारात ऊसतोडीची लगबग सुरू होते. तारळी जिथे कृष्णेला मिळते, तिथल्या काळ्या रानात फड उघडे पडू लागले, की एरवी क्वचित दिसणारे मुंगूस भरदिवसा बांधावरून पळताना दिसते. त्याचे दर्शन शुभ, म्हणून पोरे रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला सांगतात.

आपले हे राखी मुंगूस 36 ते 45 सेंटिमीटर लांब. शेपूट जवळपास तेवढेच, वजन किलो-दीड किलो. त्याच्या एकेका केसावर फिकट आणि गडद पट्टे असतात, त्यामुळे पाचटात ते दबा धरून बसले तर हातभरावरूनही ओळखू येत नाही. उंदीर, सरडे, अंडी, किडे, विंचू, सगळे त्याला चालते. राहते एकटे, फार तर जोडीने.

याच कुळातला मीरकॅट मात्र कळपाशिवाय जगू शकत नाही. आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटातला हा प्राणी जेमतेम पाऊण किलोचा. डोळ्यांभोवती काळी वर्तुळे, पायाला चारच बोटे. कळपात वीस-तीस जण. पिल्ले बहुतेक एकाच मादीची, सांभाळायला मात्र सगळे. बाकीचे वाळू उकरत असताना एक जण उंचवट्यावर उभा राहून ससाणे-गरुडांवर नजर ठेवतो. मोठे मीरकॅट पिल्लांना आधी मेलेला विंचू देतात, मग नांगी तोडलेला, शेवटी जिवंत. केंब्रिजचे टिम क्लटन-ब्रॉक यांनी 1993 पासून कुरुमान नदीकाठी त्यांचा अभ्यास चालवला. तिथले मीरकॅट उकडलेल्या अंड्याच्या चुऱ्यासाठी आपण होऊन वजनकाट्यावर चढतात.

एकाच कुळात एवढा फरक का? उघड्या माळावर मान खाली घालून किडे उकरणाऱ्याला राखणदार लागतो. ज्याला ऊस, काटेरी कुंपण आणि ओढ्याकाठची झुडपे आहेत, त्याचे एकट्याने भागते.

नाग चावला की मुंगूस ‘मुंगूसवेल’ खाऊन वाचते, असे म्हणतात. खरे औषध त्याच्या स्नायूंत आहे. नागाचे विष स्नायूंवरच्या ज्या जागी बसून श्वास बंद पाडते, ती जागाच मुंगसात बदललेली असते. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली लागू नये, तसे. 1992 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी हे उलगडले. घोणसेचे विष मुख्यतः रक्तावर चालते. तिथे ही सोय कामाची नाही.

ऊस आणि मुंगूस यांची गाठ दूरदेशीही पडली. 1872 मध्ये जमैकातल्या मळ्यांत उंदरांवर उतारा म्हणून कोलकात्याहून आपल्याकडचीच नऊ लहान मुंगसे नेली. उंदीर निशाचर, मुंगूस दिवसा हिंडणारे. त्याने तिथले पक्षी आणि सरडेच फस्त केले. आज कॅरिबियन बेटांवर ते उपद्रवी गणले जाते.

इथे उलटे आहे. रंगाच्या ब्रशांसाठी मुंगसांची कत्तल होते. 2019 मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ मोहिमेत देशभर छापे पडले. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार आणि केसांचा व्यापार दोन्ही गुन्हा आहेत. राखी मुंगूस आणि मीरकॅट आज जागतिक यादीत संकटग्रस्त नाहीत. पण कायदा शिकाऱ्याला अडवतो, आगपेटीला नाही. तोडणीनंतर पाचट पेटवले आणि बांध कोरून नांगर कडेपर्यंत घातला, तर मुंगसाला लपायला जागा उरत नाही; आणि मीरकॅटसारखा पहाऱ्यावर उभा राहणारा भाऊबंद त्याच्यापाशी नाही. पाचट सरीतच कुजवले तर जमिनीला खत मिळते. बांधाची झुडपे राखायला तर काहीच खर्च नाही.