हिऱ्यांनी वसवले, वाळूने गिळले

दार अर्धेच उघडते. उरलेले अर्धे वाळूत रुतलेले असते. आत डोकावले, तर भिंतीवरचा फिकट रंग अजून ओळखू येतो, पण जमिनीच्या जागी कमरेएवढी वाळू साचलेली दिसते. नामिबियातील ल्युडेरिट्झ बंदरापासून सुमारे दहा किलोमीटरवर, नामिब वाळवंटात असलेल्या कोलमनस्कोप या ओसाड गावातील अनेक घरांचे हे आजचे रूप आहे.

या गावाची कहाणी सुरू झाली ती 1908 मध्ये. तेव्हा हा प्रदेश जर्मनीची वसाहत होता. ल्युडेरिट्झहून वाळवंटात जाणाऱ्या लोहमार्गावरील वाळू उपसताना झकारियास लेवाला या कामगाराला एक चमकता खडा सापडला. लेवाला यांनी पूर्वी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केले होते. त्यांनी तो खडा आपले वरिष्ठ ऑगस्ट स्टाऊख यांच्याकडे दिला. स्टाऊख यांनी खाणकामाचे परवाने मिळवले आणि ते अल्पावधीत धनाढ्य झाले. लेवाला यांच्या पदरी मात्र काहीच पडले नाही.

त्याच वर्षी जर्मन सरकारने किनाऱ्यालगतचा विस्तीर्ण पट्टा 'निषिद्ध प्रदेश' म्हणून जाहीर केला आणि त्यात कोलमनस्कोप वसले. दवाखाना, शाळा, बर्फाचा कारखाना, नृत्यगृह, व्यायामशाळा, स्किटल्स खेळण्याची जागा असा सारा युरोपीय थाट तेथे उभा राहिला. गोडे पाणी केप टाऊनहून जहाजाने येई. दवाखान्यात क्ष-किरण यंत्रही होते. आजार शोधण्याबरोबरच कामगारांनी हिरे गिळले आहेत का, हे तपासण्यासाठीही ते वापरले जाई. जर्मन कुटुंबे प्रशस्त घरांत राहत, तर कंत्राटावर आणलेले शेकडो ओवाम्बो कामगार बराकींत.

या वैभवाला आणखी एक काळी किनार आहे. ज्या लोहमार्गावर हा हिरा सापडला, तो बांधताना हेरेरो आणि नामा कैद्यांना जुंपण्यात आले होते. 1904 ते 1908 या काळात जर्मन फौजांनी या जमातींचा संहार केला. ल्युडेरिट्झजवळच्या शार्क बेटावर त्यांच्यासाठी छळछावणी होती आणि तेथे असंख्य कैद्यांनी प्राण सोडले. हा वंशसंहार होता, अशी कबुली जर्मनीने 2021 मध्ये दिली.

कोलमनस्कोपचा ऱ्हास का झाला, याचे कारणही हिऱ्यांतच आहे. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फौजांनी ही वसाहत जिंकली. युद्धानंतर खाणी अर्नेस्ट ओपेनहायमर यांच्या कंपनीकडे गेल्या. जवळचे साठे विरळ होत असतानाच 1928 च्या सुमारास दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाजवळ कितीतरी समृद्ध साठे सापडले. माणसे, यंत्रे आणि भांडवल तिकडे वळले. 1956 पर्यंत गाव पूर्ण रिकामे झाले.

पुढचे काम वाऱ्याने केले. या किनाऱ्यावर दक्षिणेकडून जोराचे वारे वाहतात. वस्ती होती तोवर रस्त्यांवरची वाळू रोज झाडून काढली जाई. झाडणारे हात थांबले, काचा फुटल्या, दारे निखळली आणि टेकाडे थेट दिवाणखान्यांत शिरली. 1980 च्या सुमारास काही इमारतींची डागडुजी होऊन तेथे संग्रहालय सुरू झाले.

आज ल्युडेरिट्झहून मोटारीने काही मिनिटांत येथे पोहोचता येते. प्रवेशासाठी परवाना लागतो. सकाळी मार्गदर्शकासह फेरी असते. दुपारनंतर वारा वाढत असल्याने सकाळची वेळच सोयीची. बहुतेक पर्यटक वाळूने भरलेल्या खोल्यांची छायाचित्रे घेऊन परततात. ती घ्यावीतच, पण मार्गदर्शकाला लेवाला यांच्याविषयी, बराकींविषयी आणि त्या लोहमार्गाविषयीही अवश्य विचारावे. रिकाम्या नृत्यगृहातून हा इतिहास आपोआप कळत नाही.